पाळण्याआधीचे मौन

व्यापारी घरात प्रत्येक रुपया वहीत उतरतो. तरीही एक खर्च असा आहे की जो आपल्या खऱ्या नावाने क्वचितच लिहिला जातो. लग्नाला सहा-सात वर्षे होऊनही पाळणा हलला नाही आणि मुलगा-सून उपचार घेऊ लागले, की त्या पैशाची नोंद ‘प्रवास’ किंवा ‘किरकोळ’ या सदरात होते. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीची आवक जोरात असताना दुकानातला कर्ता मुलगा वरचेवर नांदेडला का जातो, हे मुनीमजींच्या लक्षात येते. घरच्यांना मात्र वसुलीचे कारण सांगितलेले असते.

समाजाची ही भीती जुनी आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून देशातील पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मली. इंग्लंडमधील लुईस ब्राउन ही जगातील पहिली. तिच्या जन्माला तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. कोलकात्यातील मातेच्या गर्भनलिका बंद होत्या. कुटुंब मारवाडी, लोक काय म्हणतील या धास्तीने त्यांनी प्रसिद्धी टाळली. मुलगी ‘दुर्गा’ या टोपणनावानेच ओळखली गेली. सरकारी समितीने डॉक्टरांचा दावा फेटाळला, त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. त्याचा दोष त्या कुटुंबाला देणे अन्यायाचे होईल. तो अविश्वास दाखविणाऱ्या व्यवस्थेचाच होता. पण शास्त्रज्ञाच्या बाजूने उभे राहू शकणारा जिवंत पुरावा घरात मौन बाळगून वाढत होता, हेही खरे.

मुंबईच्या चावडा दाम्पत्याचे नाव मात्र लपले नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांची कन्या हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या या यशाची शास्त्रीय नोंद झाली व हर्षा देशातील पहिली मानली गेली. पुढे १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांची टिपणे वाचून पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे जाहीर करणारे आनंद कुमारच होते! स्वतःचे श्रेय असे दुसऱ्याच्या खाती जमा करणारी माणसे विरळाच. दुर्गाने, म्हणजे कनुप्रिया अग्रवाल यांनी, आपली ओळख पंचविसाव्या वाढदिवशी जगासमोर आणली. हर्षा २०१६ मध्ये स्वतः आई झाली, तेव्हाही प्रसूतीला डॉ. हिंदुजाच होत्या.

इतके सारे घडूनही जिल्ह्याच्या गावात पहिला संशय सुनेवरच येतो. तिची सोनोग्राफी होते, नलिका तपासल्या जातात, नवस बोलले जातात. पतीची वीर्यतपासणी ही साऱ्यांत स्वस्त आणि वेदनारहित चाचणी, पण तिचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो. वस्तुतः जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील दोषाचाही वाटा असतो. सहा वर्षांनी ती चाचणी करून घेणाऱ्या पतीने पत्नीची सहा वर्षे खर्ची घातलेली असतात, आणि स्त्रीच्या वयाची भरपाई कोणत्याही उपचाराने होत नाही.

उपचारही लपवून करण्याजोगा नाही. साधारण दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, म्हणजे प्रत्येक वेळी पहाटे निघून परगावी जाणे. शेवटचे इंजेक्शन ठरलेल्या घटकेलाच द्यावे लागते, कारण त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी स्त्रीबीजे काढायची असतात. ही वेळ बहुधा रात्री उशिराची येते. त्या खोलीत दिवा का जळतो आहे, हे सासूबाईंना ठाऊक नसेल, तर पर्युषणात त्या सुनेला उपवासाचा आग्रह करणारच. त्यांना आधी सांगितले असते, तर डॉक्टरांशी बोलून सारे महिनाभर पुढेही नेता आले असते.

खर्च लाखांत जातो. तरीही पस्तिशीच्या आतील स्त्रियांमध्येसुद्धा एका गर्भरोपणातून मूल लाभते ते साधारण तिघींपैकी एकीला. दुकानाला उचल देताना बँक मर्यादा ठरविते. तशी किती वेळा प्रयत्न करायचा याची मर्यादा दोघांनी आरंभीच ठरविलेली बरी. नकाराचा अहवाल हातात असताना तो निर्णय शांतपणे होत नाही.

जैन कुटुंबासाठी आणखी एक प्रश्न आहे, आणि तो सर्वांत जड आहे. एका वेळी अनेक स्त्रीबीजे मिळतात, त्यांतून अनेक भ्रूण तयार होऊ शकतात. रोपण एक-दोनांचेच होते. उरलेल्यांचे काय? २०२१ च्या कायद्याने ते जास्तीत जास्त दहा वर्षे गोठवून ठेवता येतात. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या मनाला ही मुदत सहज पचणारी नाही. मात्र मोजक्याच बीजांचे फलन करावे, उरलेली बीजेच गोठवावीत, असे दाम्पत्य डॉक्टरांना सांगू शकते. यशाची शक्यता त्याने काहीशी घटते. ती घट पत्करायची की नाही, हे दोघांनीच ठरवायचे. उपचारांचे परिणाम आणि यशाची शक्यता समजावून सांगण्याचे बंधन कायद्याने केंद्रावर घातले आहे. तेव्हा हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा. आणि संमतिपत्र आदल्या दिवशी घरी आणून, दोघांनी शेजारी बसून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.