हरवलेली ‘छोटी’

निवडणुकीचे काम आणि शाळामास्तर यांचे नाते वाचकांस नव्याने सांगावयास नको. मध्य प्रदेश विधानसभेचे मतदान १७ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. आदल्या रात्री आम्ही मतदान-पथकासह नर्मदेकडील डोंगरांत, भिलांच्या एका फलियातील शाळेत मुक्कामास होतो. साडेनऊच्या सुमारास एका सहकाऱ्याच्या छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम सुटला. चौघांच्या खिशांत चार मोबाईल. एकालाही टॉवर नाही. बंदोबस्तावरील जवानाजवळ जुनी वॉकीटॉकी होती. त्याने बटण दाबून तहसिलीच्या गावचा नियंत्रण कक्ष गाठला. परंतु ज्यांच्या हाताशी जीप व डॉक्टर, ते अधिकारी दौऱ्यावर, आणि त्यांचा सारा कारभार मोबाईलच्या ॲपवर. तेथेही बटण दाबूनच बोलायचे. कक्षातील शिपाई एका हातात वायरलेस व दुसऱ्यात फोन धरून इकडचा निरोप तिकडे सांगत होता. आमच्या गावाच्या नावाआधी ‘छोटी’ लागते. त्याच नावाची ‘बडी’ डोंगरापलीकडे आहे. ‘छोटी’ वाटेत गळाली, आणि जीप ‘बडी’ला जाऊन उभी राहिली. सव्वा तास गेला. सहकारी वाचले, हे त्यांचे आणि आमचे भाग्य.

तेव्हापासून या दोन यंत्रांविषयी मिळेल ते वाचण्याचा आम्हांस नादच लागला आहे. एकाने बोलावे व इतरांनी ऐकावे, ही दोन्हींची रीत सारखी. कूळ मात्र निराळे. वॉकीटॉकीची लहर थेट दुसऱ्या वॉकीटॉकीकडे जाऊ शकते. डोंगर आडवा आला तर उंचावरील रिपीटर ती एका लहरीवर झेलतो आणि त्याच क्षणी दुसरीवर फेकतो. रिपीटर बंद पडला तरी जवळपासच्या सोबत्याशी बोलणे होतेच. मोबाईलवर बोललेला शब्द आकड्यांच्या पुडक्यांत बांधला जाऊन टॉवरकडे, तेथून दूरच्या सर्व्हरकडे आणि मग गटातील सर्वांकडे जातो. टॉवर असेल तर इंदूरचा माणूस हैदराबादेशी बोलेल. नसेल तर एका बाकावरचे दोघेही त्या ॲपवर परस्परांस मुके!

या दोहोंची सोयरीक जुळविणाऱ्या पेटीस गेटवे म्हणतात. कक्षातील एक वायरलेस संच तिला तारेने जोडतात. वायरलेसवर आलेला आवाज ती फोनच्या गटाला ऐकविते. फोनवरून कोणी बोलले की वायरलेसचे बटण जणू तीच दाबते. शिपायाचेच काम, पण निरोप्या मध्ये नाही. आमच्या जवानाचा आवाज थेट अधिकाऱ्यांच्या कानी पडला असता, आणि ‘कोणती, छोटी की बडी?’ असे त्यांनी त्यालाच विचारले असते.

सोयरीक झाली म्हणून संसार सुरळीत होतो, असे मात्र नाही. नकाशावर फोनवाले ठिपक्याठिपक्यांनी दिसतात. साधी वॉकीटॉकीवाली माणसे कोठे आहेत, ते मात्र त्यांनी तोंडाने सांगावे तेव्हाच कळते. फोनवर कुलूपबंद असलेले बोलणे साध्या वायरलेसवर उतरले की कोणीही ऐकावे. आणि कक्षाची वीज वा इंटरनेट गेले की पेटी गप्प! म्हणून ‘आता फोन आले, वॉकीटॉक्या जमा करा’ असे म्हणणारे साहेब भेटले की आम्ही त्यांस एक रात्र फलियात मुक्कामास बोलावितो. अद्याप कोणी आलेले नाही.

राहता राहिली ‘छोटी’. आम्ही शिपायाला मनातल्या मनात पुष्कळ बोल लाविले होते; ते व्यर्थ. बटण दाबल्यावर वायरलेस बोलता होण्यास आणि रिपीटर जागा होण्यास क्षणार्ध लागतो. घाबरलेल्या जवानाने दाबता दाबताच तोंड उघडले असावे, आणि पहिला शब्द कोणापर्यंत पोहोचलाच नसावा. गेटवे असता तर हा विलंब वाढलाच असता, कारण साखळीत आणखी एक कडी येते.

पुढे मे २०२४ च्या लोकसभा मतदानापूर्वी आमच्या पथकाला आम्ही हे घोटवून घेतले: बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला, गावाचे नाव दोनदा. ते सहकारी प्रकृतीमुळे कामातून मोकळे झाले होते, तरी मुद्दाम येऊन मागच्या बाकावर बसले. आमची पाळी आली. आम्ही बटण दाबले आणि लगेच बोलू लागलो.

“सर,” ते मागून म्हणाले, “गेली तुमची ‘छोटी’.”