कोडं विकत, उत्तर फुकट

अंधेरीहून घाटकोपरला जाणाऱ्या मेट्रोत संध्याकाळी जरा आजूबाजूला बघा. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर एखाद्या रहस्यमय व्हिडिओ गेमचा वॉकथ्रू. खेळतोय तिसराच कुणीतरी, हा नुसता बघतोय, आणि तेही दीडपट वेगानं. मरोळ नाक्याला प्रेत सापडतं, साकीनाक्याला खुनी. रात्री घरी कॉम्प्युटरसमोर बसून कुठलं कपाट उघडायचं आणि कुठली किल्ली कुठे लावायची, ते पाठ करून गृहस्थ घाटकोपरला उतरतो. काय चाललंय म्हणून विचारा. छाती फुगवून सांगेल, "बॅकलॉग क्लिअर करतोय."

बॅकलॉग म्हणजे अनुशेष, आणि अनुशेष सिंचनाचा असतो. दांडेकर समितीनं 1984 साली तो जिल्हावार मोजून दाखवला. तो भरून काढणं हे सरकारचं कर्तव्य होतं आणि आहे. न खेळलेल्या खेळांचं असलं कुठलं कर्ज तुमच्या डोक्यावर बसलंय? जप्ती घेऊन कोण येणार आहे दारात?

यादी कशी फुगली ते आपल्याला ठाऊक आहे. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात 2015 पासून रुपयांत भाव दिसू लागले, सेलमध्ये ते वडापाव-चहाच्या हिशेबात आले. 2018 च्या डिसेंबरात एपिकचं दुकान उघडलं आणि पुढे दर आठवड्याला फुकट खेळ वाटत सुटलं. घेतले लोकांनी. मीही घेतले, आणि घेतल्याचा मला आनंद आहे. घरात न वाचलेली पुस्तकं असणं ही श्रीमंती असेल, तर न खेळलेले खेळ असणं हीसुद्धा श्रीमंतीच. माझं भांडण यादीशी नाही. ती संपवण्याच्या हावरटपणाशी आहे.

कारण रहस्याचा खेळ माणूस विकत घेतो कशासाठी? काही संध्याकाळी आपल्याला काहीतरी कळू नये म्हणून! पैसे त्या न कळण्याचे मोजलेले असतात. आणि हा शूर अन्वेषक पहिलं कुलूपबंद दार दिसताच उत्तर शोधायला पळतो. कोडं विकत घ्यायचं आणि उत्तर फुकट मिळालं म्हणून खूष व्हायचं, हा व्यवहार आमच्या बोरिवलीतला कुठलाही वाणी मूर्खपणाचा ठरवील.

'आऊटर वाइल्ड्स' घ्या. 2019 चा खेळ. एक छोटीशी सूर्यमाला, तुमचं एक खिळखिळं यान आणि 22 मिनिटांचा काळ, जो संपला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. इथे तलवार मिळत नाही, ताकद वाढत नाही, पैसा साठत नाही. साठतं ते निव्वळ ज्ञान. शेवटापर्यंत पहिल्याच दिवशी पोचता येईल. पोचत नाही, कारण कुठे जायचं आणि काय करायचं हे आपल्याला माहीत नसतं. म्हणजे अज्ञान हेच या खेळाचं भांडवल, आणि ते एकदाच मिळतं. ते वॉकथ्रूवर उधळणाऱ्या माणसाला शेवटी काय हाती लागलं? एक शेवट, ज्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि आता पश्चात्ताप होऊनही उपयोग नाही, कारण कळलेलं विसरायची सोय अजून कुणी काढलेली नाही.

ल्यूकस पोप नावाच्या माणसानं या जमातीला पुरतं ओळखलं होतं. त्याचा 2018 चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा मी आजवर खेळलेला सर्वांत कसदार रहस्यखेळ. साल 1807, बेपत्ता झालेलं जहाज रिकामं परत येतं, तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक. जहाजावरच्या 60 माणसांपैकी प्रत्येकजण कोण होता आणि त्याचं काय झालं, ते वहीत भरायचं. खलाशांत आपली हिंदी माणसंही आहेत. त्यांचं काय झालं ते मी इथे सांगणार नाही, मला अजून लाज आहे. गंमत अशी की खेळ एकेक उत्तर तपासून देतच नाही. तीन जणांचं अचूक जमलं तरच शिक्का, तोवर गप्प. तुक्के मारणाऱ्यांची अशी नाकेबंदी दुसऱ्या कुठल्या खेळानं क्वचितच केली असेल. मग माणूस ऐकायला लागतो: या आवाजाचा हेल कुठला? हा नेहमी त्याच्याच शेजारी का उभा? याच्या अंगावरचे कपडे अधिकाऱ्याचे की खलाशाचे? शंभर पानी रेघी वहीत माझी अर्धी पानं खोडलेल्या नावांनी भरली, आणि एका रविवारी दुपारी एका माणसाच्या पायांकडे पाहून मला तीन नावं एकदम सुटली. मी खुर्चीवरून उठून ओरडलो. हा आनंद मला कुठल्याही चॅनेलवाल्यानं दिला नसता.

उत्तराची ही घाई आली कुठून, याचं उत्तर बोरिवली ते मुलुंड कुठल्याही स्टेशनाबाहेर टांगलेलं आहे. क्लासचे फलक. पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. आपल्याला लहानपणापासून गाइड दिलं गेलं, अपेक्षित प्रश्नसंच दिला गेला आणि प्रश्न वाचायच्या आधी उत्तर घोकायची सवय लावली गेली. परीक्षेत नाइलाज होता, मान्य. पण आता वय तिशीचं, पैसा स्वतःचा, डोक्यावर ना सर ना बाई, आणि तरीही गाइड? स्वतःच्या सुट्टीत? मार्क कोण देतंय? अचीव्हमेंटचं ते चिमुकलं चित्र? मला याचा राग येतो आणि वाईटही वाटतं, कारण ही हुशार माणसं आहेत. त्यांना विचार करता येतो; विचार करताना जे चाचपडणं होतं ते मात्र त्यांना सोसवत नाही.

बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडच्या रहस्यकथा वाचणारी पिढी रात्र जागून पुस्तक संपवायची. तेव्हाही वाचनालयाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवणारे नतद्रष्ट होतेच. वाचक त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आज त्यांचेच वंशज चॅनेल चालवतात आणि वाचकांचे वंशज त्यांना लाइक देतात.

यावर ठरलेला बचाव येतो: कोडी मूर्ख असतात. काही असतात! 'गेब्रियल नाइट 3' मध्ये मांजराचे केस चिकटवून खोटी मिशी करायची, आणि तीही मिशी नसलेल्या माणसाचं सोंग घ्यायला. 1999 सालच्या त्या कोड्यासाठी कुणी मदत घेतली तर मी त्याला माफ करीन. पण मदत घेण्यातही काही रीत होती. खेळ बनवणारी इन्फोकॉम कंपनी ऐंशीच्या दशकात अदृश्य शाईत छापलेल्या सूचनांच्या पुस्तिका विकायची. खास पेन फिरवलं की एक सूचना उमटे. आधी नुसती दिशा, मग थोडा खुलासा, अगदीच ठोंब्या असलात तर शेवटी उत्तर. आणि 1993 सालच्या 'मिस्ट'च्या खोक्यात तर कोरी वही येत असे. बनवणाऱ्यांना खेळणाऱ्याच्या डोक्याबद्दल आदर होता.

दुसरा बचाव वेळेचा. वेळ नाही म्हणे. सहा तासांचा वॉकथ्रू बघायला वेळ आहे, सहा तास खेळायला नाही? पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं 2020 साली 'राजी' आणला, एका किंवा फार तर दोन संध्याकाळींत संपणारा, तेव्हा याच मंडळींनी तो लहान आहे म्हणून नाकं मुरडली. मोठा खेळ पडून राहतो, छोटा खेळ पैसे वसूल करत नाही. मग हवंय काय तुम्हाला? 'डिस्को एलिसियम'मध्ये दहा लाखांहून जास्त शब्द आहेत, जवळजवळ सगळे वाचावेत असे. ते भराभर क्लिक करत पुढे ढकलून 'संपवला' म्हणणारे महाभाग मला भेटलेत. जेवणाचं ताट उलटं करून जेवलो म्हणणाऱ्यांशी काय वाद घालायचा?

त्यांची सर्वांत मोठी पंचाईत 'हर स्टोरी' करतो. सॅम बार्लोचा 2015 चा खेळ. 1994 सालच्या पोलीस चौकशीच्या चित्रफितींचे तुकडे, समोर एक शोधपेटी, शब्द टाका, तुकडे बघा. खरं काय घडलं ते खेळ तुम्हाला कधीच सांगत नाही. कळलं असं वाटलं की उठायचं. मुलुंडचा माझा एक मित्र आणि मी, दोघंही तो वेगवेगळा खेळलो आणि दोघांचे निष्कर्ष पार उलटे निघाले. त्याच्या घरी चहावर सुरू झालेला वाद स्टेशनच्या पुलावर चालू राहिला, गाड्या सुटत राहिल्या. तो अजून हटलेला नाही, मीही नाही. आता यादीतला पुढचा, 2022 चा 'द केस ऑफ द गोल्डन आयडॉल', दोघांनी एकाच आठवड्यात सुरू करायचं ठरलंय. वह्या आणून झाल्या आहेत. मधे कुणी खुन्याचं नाव सांगायला आलाच, तर आम्ही दोघं मिळून त्याला चेक नाक्यापलीकडे ठाण्यात हाकलून येऊ.