ट्रॅक्टरच्या तेलाची परीक्षा

इंजिनांतील तेल केव्हां बदलावें, या प्रश्नाचीं दोन उत्तरें आमच्या शेतकरी बंधूंत रूढ आहेत. एक असें कीं, तेल काळें पडलें म्हणजे बदलावें. दुसरें असें कीं, ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तकांत जितके तास लिहिले असतील तितके भरले म्हणजे बदलावें. पहिलें उत्तर सर्वस्वीं चुकीचें आहे. दुसरें बरोबर असलें तरी अपुरें आहे. या दोहोंखेरीज तिसरा एक मार्ग आहे, व तो म्हणजे वापरलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेंत पाठवून त्याचें परीक्षण करविणें. हा मार्ग आपल्याकडे बहुतांशीं रेल्वे व मोठमोठे कारखाने यांच्यापुरताच राहिला आहे. तो शेतकऱ्यानें, निदान शेतकऱ्यांच्या संघानें, आतां हातीं घ्यावा असें आमचें मत आहे. मात्र ज्या कारणासाठीं त्याची शिफारस साधारणतः केली जाते, त्याहून निराळ्या कारणासाठीं आम्ही ती करीत आहों.

रंगाची गोष्ट प्रथम घेऊं. डिझेल जळतांना काजळी होते, व तिचा कांहीं अंश पिस्टनच्या रिंगांवरून खालीं तेलांत उतरतो. हल्लींच्या तेलांत अशीं द्रव्यें मुद्दाम मिसळलेलीं असतात कीं, तीं ही काजळी सुटी धरून ठेवतात आणि तिचा थर बसूं देत नाहींत. यामुळें नवें तेल घातल्यावर थोड्याच तासांत काळें होतें. काळें तेल हें पुष्कळदां आपलें काम नीट बजावणारें तेल असतें. उलट, इंजिनाचा खरोखर घात करणारी वस्तु म्हणजे धूळ. तिचे तेलांत गेलेले कण इतके बारीक असतात कीं, ते डोळ्यांना दिसत नाहींत आणि बोटालाही लागत नाहींत. गॅरेजांतला मिस्त्री तेल दोन बोटांत चोळून 'अजून चालेल' असें सांगतो, तें त्याच्या अनुभवाविषयीं पूर्ण आदर बाळगूनही आम्हांस मान्य करतां येत नाहीं.

आतां पुस्तकांतील तास. पुष्कळ ट्रॅक्टरांना पहिल्या ५० तासांनीं व पुढें दर २५० तासांनीं तेल बदलावें असें सांगितलेलें असतें. कांहींना याहून कमी मुदत असते. हा आंकडा सरासरीचा आहे. एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढीत रात्रभर सडकेवरून ऊस वाहतो. दुसरा वैशाखांत वाळल्या रानांत रोटाव्हेटर चालवीत आपणच उडविलेल्या धुळीच्या लोटांत उभा असतो. तिसरा मळणीयंत्राला जोडून भुसकटांत दिवस काढतो. तिघांच्याही मीटरवर २५० तासच दिसतात, पण तिघांच्या तेलाची अवस्था एकसारखी असणें शक्य नाहीं. शिवाय हे आंकडे ठरवितांना डिझेलमधील गंधक हा एक मोठा विचार असे. गंधक जळून आम्ल होतें, आणि तें मारण्यासाठीं तेलांत क्षार घातलेला असतो. तो संपला कीं तेल संपलें. इ. स. २००० मध्यें आपल्या डिझेलांत दहा लाख भागांत २,५०० भाग गंधकाची मुभा होती. १ एप्रिल २०१७ पासून देशभर ५० भागांची, व १ एप्रिल २०२० पासून १० भागांची मर्यादा झाली. या बाजूनें तेलावरचा भार बराच हलका झाला आहे. धुळीला मात्र असा कोणताही नियम लागू झालेला नाहीं.

प्रयोगशाळेंत काय पाहतात, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. तेल विजेच्या ठिणगीनें किंवा अत्यंत तप्त वायूंत जाळलें असतां त्यांतील प्रत्येक मूलद्रव्य आपला ठराविक प्रकाश देतें, आणि त्यावरून दहा लाख भागांत तें किती भाग आहे हें मोजतां येतें. लोखंड वाढलें तर लाइनर किंवा क्रँक झिजत आहे. ॲल्युमिनियम वाढलें तर पिस्टन. क्रोमियम वाढलें तर रिंगा. तांबें व शिसें वाढलें तर बेअरिंगें. सोडियम वाढलें तर रेडिएटरमधील कूलंट आंत झिरपत असल्याचा संशय घ्यावा. सिलिकॉन म्हणजे बहुधा माती. याखेरीज तेलाचा दाटपणा पाहतात. १५डब्ल्यू-४० जातीच्या तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असावा लागतो. तो फार खालीं आला तर नोझलमधून डिझेल गळून तेलांत मिसळत असावें. क्षार किती शिल्लक आहे तेंही कळतें. ही विद्या नवी नव्हे. अमेरिकेंतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेच्या प्रयोगशाळेनें १९४६ सालींच वापरलेल्या तेलांतील धातूंवरून डिझेल एंजिनांतील बिघाड ओळखून दाखविले होते, व पुढें तेथील नौदलानें आपल्या विमानांच्या इंजिनांसाठीं हीच रीत उचलली.

ही परीक्षा करावी ती तेलाचे पैसे वांचविण्यासाठीं, असें सामान्यतः सांगितलें जातें. अमेरिकेंत खाजगी मोटारींचे हौशी मालकही याच हेतूनें नमुने पाठवितात व तेल आणखी किती मैल चालेल याचा हिशेब करीत बसतात. आपल्या शेतकऱ्याला हा हिशेब परवडणारा नाहीं. ट्रॅक्टरांत तेल मावतें सात-आठ लिटर. तें शंभर तास अधिक चालवून जी बचत होईल, ती नमुना पाठविण्याच्या व तपासण्याच्या खर्चांत बहुतेक निघून जाईल. ज्यांच्यापाशीं मोठीं हार्वेस्टरें किंवा मालमोटारींचा ताफा आहे त्यांची गोष्ट निराळी. एका ट्रॅक्टरच्या धन्यानें तेल वांचविण्यासाठीं परीक्षा करूं नये. त्यानें पुस्तकांतील तास पाळावे, आणि यंत्राची हमी चालू असेतों तर ते एका तासानेंही ओलांडूं नयेत.

परीक्षा करावयाची ती इंजिन वांचविण्यासाठीं. एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारी रबराची नळी उन्हानें तडकते, किंवा तिची पट्टी सैल होते. फट केसाएवढी असते व बहुधा नळीच्या खालच्या अंगाला असते. त्या फटींतून न गाळलेली हवा सरळ आंत जाते. इंजिन कुरकुरत नाहीं, धूर टाकीत नाहीं, ओढही कमी होत नाहीं. महिन्यांमागून महिने रिंगा आणि लाइनर घासले जात असतात. मग एके दिवशीं तेल खाऊं लागतें, सकाळीं सुरू व्हावयास त्रास देतें, निळा धूर दिसतो; तोंवर इंजिन खोलण्यावांचून गत्यंतर उरलेलें नसतें. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा व मजुरी मिळून जो खर्च येतो, तो तेलाच्या किंमतीच्या अनेक पटींनीं असतो, आणि ऐन पेरणींत ट्रॅक्टर शेडमध्यें पडून राहतो त्याचा हिशेब वेगळाच. परीक्षेंत हीच गोष्ट फार आधीं दिसते. सिलिकॉन व ॲल्युमिनियम बरोबरीनें वाढलेलीं, त्यामागून लोखंड चढत असलेलें, असा अहवाल आला कीं प्रथम ती नळी पाहावी, आणि क्लीनर तेलाच्या वाटीचा असेल तर वाटींतील चिखल पाहावा. वर्षांतून एकदां केलेल्या परीक्षेनें एवढें कळलें तरी तिचा खर्च फिटला.

तथापि या परीक्षेचे दोष झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ती बारीक कणच मोजते. बेअरिंगचा तुकडा उडाला तर तो या मोजणींत येत नाहीं, त्यासाठीं फिल्टर कापून पाहावा लागतो. नुकत्याच खोललेल्या इंजिनांत सिलिकॉन दिसलें तर तें जोडांना लावलेल्या लुकणाचेंही असूं शकतें. जें इंजिन तेल खातें, त्यांत वरचेवर नवें तेल पडल्यानें सगळेच आंकडे खोटे चांगले दिसतात. आणि २५० तासांनंतरचे ४० भाग लोखंड व १०० तासांनंतरचे ४० भाग लोखंड यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. यास्तव एका अहवालावरून घाबरूं नये किंवा निर्धास्तही होऊं नये. तीन-चार अहवाल एकापुढें एक ठेवले म्हणजेच ते बोलूं लागतात.

येथेंच संघाचें काम येतें. मातीच्या परीक्षेची संवय आपल्या लोकांना लागली ती कोणीतरी नमुने गोळा केले व अहवालाचा अर्थ मराठींत समजावून दिला म्हणून. तेलाविषयींही तेंच करावें लागेल. स्पेक्ट्रोमीटर विकत घेण्याच्या भानगडींत संघानें मुळींच पडूं नये. तीं यंत्रें महाग असतात व तीं चालविणारे लोक त्याहून दुर्मिळ. एखाद्या प्रयोगशाळेशीं एकगठ्ठा दर ठरवावा. एकाच बनावटीच्या वीस-पंचवीस ट्रॅक्टरांचे आंकडे एका वहींत आले, तर आपल्या तालुक्यांतील धुळींत त्या इंजिनाची साधारण झीज किती असते तें आपणांस कळेल, आणि कोणाचा ट्रॅक्टर त्या रांगेबाहेर जातो तेंही. कोणत्याही कंपनीच्या पुस्तकांत हें लिहिलेलें नसतें.

नमुना काढण्याची रीत कठीण नाहीं. इंजिन काम करून गरम असतांना तेल सोडावें. प्रथमचें कांहीं व शेवटचें गाळाचें सोडून मधल्या धारेखालीं कोरडी, स्वच्छ बाटली धरावी. शंभर मिलिलिटर पुरे. बाटलीवर मीटरचे तास, तेल घातल्यापासूनचे तास, तेलाची जात आणि मध्यंतरीं किती तेल भरलें तें लिहावें. मीटर बंद असेल तर तो आधीं दुरुस्त करावा. तासांवांचून अहवाल निरुपयोगी आहे. उरलेलें तेल बांधावर किंवा विहिरीच्या कडेला ओतूं नये, डब्यांत सांठवून परवानाधारक खरेदीदारासच द्यावें. डिपस्टिकवरची पातळी न भरतां वर चढली, किंवा तेल दुधाळ दिसलें, तर मात्र प्रयोगशाळेची वाट न पाहतां ट्रॅक्टर तेथेंच थांबवावा.

नमुने भाद्रपदांत गोळा केले तर अहवाल दसऱ्याच्या सुमारास हातीं येतील, आणि गळिताच्या हंगामाला ट्रॅक्टर जुंपण्याआधीं नळ्या व क्लीनर दुरुस्त करावयास पंधरा दिवस मिळतील.