कर्ज ३५ वर्षांचे, घर २२ वर्षांचे

जपानमधील एखाद्या शांत गावात आधुनिक पद्धतीचे कौटुंबिक घर विकावयास निघते, तेव्हा त्याच्या किमतीचा हिशेब आपल्याकडील मध्यमवर्गीयाला चक्रावून टाकणारा असतो. चार खोल्या, नीटस स्वयंपाकघर, मोटार उभी करण्यापुरती जागा, दाराशी लहानशी बाग. वास्तूत खोट काढण्यासारखे काही नसते. पण ती पंचवीस-तीस वर्षांची झाली असली, तर गिऱ्हाईक मोजतो ते पैसे बव्हंशी जमिनीचे. घराची किंमत जवळजवळ शून्य धरली जाते.

याचे मूळ केवळ जपानी माणसाच्या नव्याच्या हौसेत शोधणे बरोबर नाही. महायुद्धात बेचिराख झालेल्या शहरांतून घाईने उभारलेली घरे टिकाऊ नव्हती, हे खरे. १९७८ च्या मियागी भूकंपानंतर १९८१ मध्ये बांधकामाचे नियम कडक झाले. १९९५ मध्ये कोबे परिसरात सहा हजारांवर माणसे दगावली, तेव्हा जुन्या घरांविषयीची धास्ती आणखी वाढली. ही धास्ती अनाठायी नव्हती. परंतु सुधारलेल्या नियमांनुसार बांधलेल्या भक्कम घरांनाही तोच न्याय लावणे समर्थनीय नाही. करआकारणीत घसारा काढण्यासाठी व्यवसायातील लाकडी निवासी इमारतीचे आयुष्य २२ वर्षे धरले जाते. हिशेबाच्या सोयीचा हा आकडा बाजाराने मात्र घराच्या आयुष्याची मर्यादाच मानला.

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो. जपानी नोकरदाराला मात्र बांधण्याहून विकणे अवघड जाते. गृहकर्जाची मुदत सामान्यतः ३५ वर्षांची असते. म्हणजे हप्ते फिटण्यापूर्वीच वास्तूचे मोल संपते. शिवाय ज्याचे मोल राहणार नाही, त्याच्या डागडुजीवर पैसा कोण खर्च करणार? दुरुस्ती नाही म्हणून घर खालावते आणि खालावले म्हणून मोल उरत नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

त्यातच २००८ च्या सुमारास जपानची लोकसंख्या शिखरास पोहोचून उतरणीला लागली. २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. सात घरांमागे एक, असे हे प्रमाण पडते. घर उभे असले की त्याखालील लहान भूखंडाच्या करआकारणीचे मूल्य एकषष्ठांशावर येते, ते पाडले की ही सवलत जाते. साहजिकच वारस घर विकत नाहीत, पाडतही नाहीत.

सरकार स्वस्थ बसले आहे, असे नव्हे. दीर्घकाळ टिकणाऱ्या घरांना उत्तेजन देणारा कायदा २००९ मध्ये अमलात आला. २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने धोकादायक रिकाम्या घरांची करसवलत काढून घेण्याची वाट मोकळी केली. २०२३ च्या दुरुस्तीने दुर्लक्षित घरेही तिच्या कक्षेत आणली. अनेक नगरपालिका रिकाम्या घरांच्या याद्या ठेवून गिऱ्हाईक मिळवून देतात. हे सारे स्वागतार्ह असले, तरी अपुरे आहे. घराची किंमत त्याच्या वयावरून नव्हे, तर त्याच्या प्रत्यक्ष स्थितीवरून ठरविण्याची रीत बँकांच्या अंगवळणी पडल्याखेरीज डागडुजी करणाऱ्या मालकाला न्याय मिळणार नाही. आणि शाळा, दवाखाना व बसगाडी टिकल्याखेरीज स्वस्त घराच्या लोभाने कोणतेही तरुण कुटुंब त्या शांत गावात येऊन राहणार नाही. गावाची शांतता हे विक्रीचे आकर्षण असू शकते. ती ओसाडपणाची शांतता ठरू नये, ही जबाबदारी बाजाराची नसून राज्यकर्त्यांची आहे.