चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडू नये



आपल्या वस्त्यांतील शिकलेली मुले-मुली अलीकडे एक चांगले काम करू लागली आहेत. बाबासाहेबांचे ग्रंथ, धम्माची पुस्तके, चळवळीचे जुने अंक, परीक्षेची टिपणे हे सारे स्कॅन करून इंटरनेटवर एका जागी ठेवायचे आणि ज्याला हवे त्याला एक पैसा न घेता उतरवून घेऊ द्यायचे. या कामाला पगार नाही, मानधन नाही. कंपनीतून, दुकानातून घरी आल्यावर रात्री जागून ही मुले पाने सरळ करीत बसतात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

पण अशी जागा दोन-चार वर्षे चालते आणि एके दिवशी उघडतच नाही. कोणी बंद केली, का केली, पुस्तके कुठे गेली, याचा पत्ता लागत नाही. सुरू करताना बॅनर, हार, फोटो. बंद होताना दोन ओळींची सूचनासुद्धा नाही. म्हणून आज ही वेबसाइट चालवावी कशी आणि मुख्य म्हणजे बंद करावी कशी, याविषयी लिहीत आहे. सुरू करायला उत्साह पुरतो, बंद करायला मात्र शिस्त लागते.

पुस्तक लोकांच्या हाती पोचवणे हा आपल्या चळवळीचा जुनाच धर्म आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण ऐकून घेण्याचे नाकारले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती काढल्या, त्या दोन महिन्यांत संपल्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत गुजराती, तमिळ, मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळम अशा भाषांतरांची नोंद त्यांनी केली. व्यासपीठ नाकारले गेले तेव्हा छापील कागद कामाला आला. आज कागदाच्या जोडीला पीडीएफ आली आहे, एवढाच फरक.

आणि गरज आजही संपलेली नाही. महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९७९ रोजी बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला. वसंत मून यांनी संपादनाचे ते काम जिवापाड जपले. हे खंड स्वस्त आणि देखणे, पण मिळतील तेव्हा खरे! २०२१ साली ‘लोकसत्ता’ने बातमी दिली की, नऊ लाख प्रती छापायचा निर्णय असताना चार वर्षांत ३३ हजारच प्रती छापल्या गेल्या आणि विकत घेतलेला कागद गोदामात पडून आहे. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. ज्या पोराला दुकानात खंड मिळत नाही, त्याने काय करावे? त्याला केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी खंडांच्या पीडीएफ फुकट मिळाल्या. पण हे आपल्या घरी किती जणांना ठाऊक आहे? तेव्हा आपल्या मुलांनी काढलेल्या वेबसाइटचे पहिले काम म्हणजे जे कायदेशीररीत्या फुकट उपलब्ध आहे, त्याची वाट दाखवणे.

आता कायद्याचे बघू. ‘ज्ञान सर्वांचे आहे, मग कॉपीराइट कसला?’ असे मुले विचारतात. प्रश्न मनाला पटतो, पण नोटीस आली की भावना कामाला येत नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या पुस्तकांची मुदत संपत आली तेव्हा, १९९२ साली, ती दहा वर्षांनी वाढवली गेली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या पुस्तकांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपला. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आज कोणीही छापावे, कोणीही वाटावे.

परंतु इथेच एक मेख आहे. जे लेखन लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध होते, त्याची ६० वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली निघाला. त्याची मुदत २०१७ अखेर संपली. पण ज्या ‘रिडल्स’साठी १९८८ साली आपले लाखो लोक मुंबईच्या रस्त्यावर उतरले, तो चौथा खंड १९८७ चा. या हिशेबाने त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत जाते. शिवाय मराठी भाषांतरावर भाषांतरकाराचा वेगळा हक्क असतो. मूळ ग्रंथ मोकळा झाला म्हणून भाषांतर मोकळे झाले, असे समजू नये. अशा पुस्तकाची फाइल आपल्या जागेवर न चढवता सरकारी पानाची लिंक द्यावी, म्हणजे वाचकालाही पुस्तक मिळते आणि आपणही सुरक्षित राहतो.

आणि यात आपल्याच माणसांचे पोटही आहे. आपल्या नाशिकच्या बाबूराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आले. बाबूराव २००८ साली गेले. त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६८ अखेरपर्यंत वारसांचा. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर रात्रभर स्टॉल मांडून बसणारा आपला छोटा प्रकाशक पुस्तकाच्या चार पैशांवरच पुढचे पुस्तक काढतो. त्याचे नवे पुस्तक विकत घेऊन, स्कॅन करून फुकट वाटले, तर पुढल्या वर्षी तो स्टॉल दिसणार नाही. शोषितांच्या लेखकाचे मानधन बुडवून शोषितांची सेवा होत नाही. जिवंत लेखकाला एक पत्र लिहून परवानगी मागावी. ‘ई साहित्य प्रतिष्ठान’ लेखकांच्या परवानगीनेच मराठी पुस्तके फुकट देते. सरळ मार्गानेही हे काम होते, याचा तो पुरावा आहे.

आता बंद होण्याविषयी. जगात अशा जागा कशा बंद पडल्या ते पाहण्यासारखे आहे. ‘लायब्ररी डॉट एनयू’ नावाच्या जागेवर चार लाखांच्या आसपास पुस्तके होती. देशोदेशीचे गरीब विद्यार्थी तिच्यावर शिकत होते. २०१२ च्या फेब्रुवारीत मोठ्या प्रकाशकांनी जर्मनीतील म्युनिकच्या न्यायालयातून मनाई हुकूम आणला आणि ती बंद झाली. आपल्या देशातील ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ तर सरकारी मदतीने उभी राहिली होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या मोठ्या संस्था तिच्यामागे होत्या. मराठी पुस्तकेही तिच्यात भरपूर होती. तीसुद्धा २०१७ च्या सुमारास कॉपीराइटच्या वादात बंद झाली. पण कार्ल मालामूड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने त्याआधीच चार लाखांहून अधिक पुस्तकांच्या प्रती उतरवून ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर ठेवल्या होत्या. म्हणून ती पुस्तके आपल्या नजरेआड झाली नाहीत.

याहू ग्रुप्सचे उदाहरण वेगळे आहे. तिथे कोर्ट नव्हते की खटला नव्हता. कंपनीला ते परवडेना म्हणा किंवा नको झाले म्हणा. २०१९ च्या ऑक्टोबरात सूचना आली, लोकांनी वर्षानुवर्षे साठवलेल्या फायली काढून टाकण्यात आल्या आणि २०२० च्या डिसेंबरात सगळेच बंद झाले. ज्यांनी वेळेत उतरवून घेतले त्यांचे वाचले. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार मालक म्हणेल तेव्हा उचलावा लागतो. व्हॉट्सॲप, टेलिग्रामवर ग्रंथालय मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

याच्या उलट ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ पाहा. मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने १९७१ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून हे काम सुरू केले. हार्ट २०११ साली वारले, काम मात्र आजही चालू आहे. कारण त्यांनी हक्क संपलेल्या पुस्तकांवर भर दिला, प्रती करण्याची सर्वांना मोकळीक दिली आणि काम शेकडो स्वयंसेवकांत वाटले. एक माणूस गेला, पण किल्ली गेली नाही.

आपल्याकडे बहुधा किल्लीच जाते. वेबसाइटचे नाव वर्षाच्या भाड्याने घ्यावे लागते, सर्व्हरवरील जागेचेही भाडे असते. ते एकाच मुलाच्या खात्यातून जाते आणि पासवर्डही त्याच्याच डोक्यात असतो. तो नोकरीनिमित्त पुण्याला जातो, लग्न होते, फोन नंबर बदलतो. भाडे थकते, जागा बंद पडते. पुढे ते नाव दुसराच कोणी विकत घेतो आणि बाबासाहेबांचे नाव असलेल्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. यात दोष त्या एकट्या पोराचा नाही. त्याच्या खांद्यावर सगळे टाकून मोकळे झालेल्या आपल्या सर्वांचा आहे.

मी कारकून माणूस. आमच्या ऑफिसात बदली झालेला साधा लिपिकसुद्धा चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. फायलींची यादी, कपाटाच्या किल्ल्या, शिल्लक रक्कम, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. समाजाच्या ठेव्याला याहून कमी शिस्त का असावी?

तेव्हा चालवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून तीन वह्या ठेवाव्यात. पहिली हक्काची: पुस्तक, लेखक, भाषांतरकार, साल, प्रत कुठून मिळाली, परवानगी आहे की मुदत संपली. दुसरी पैशाची: वर्गणी किती आली, भाडे किती गेले, हिशेब दर पौर्णिमेला विहारात वाचून दाखवावा. तिसरी किल्लीची: पासवर्ड किमान तिघांकडे, त्यात एक ताई असावी आणि भाड्याची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहिलेली असावी. नोटीस आली तर घाबरून सगळे मिटवू नये. ज्या पुस्तकाबद्दल तक्रार आहे ते आधी बाजूला काढावे, वही उघडावी, वकिलाला दाखवावे आणि मग उत्तर द्यावे.

आणि बंद करायची वेळ आलीच, तर त्यात लाज नाही. माणसे थकतात, संसार वाढतात. पण तीन महिने आधी पहिल्याच पानावर सूचना लावावी, म्हणजे लोक उतरवून घेतील. ज्यांचा हक्क संपला आहे अशा पुस्तकांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात: एक हार्डडिस्क विहारात, एक जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक इंटरनेट आर्काइव्हवर. देणगीदारांचे फोन नंबर, पत्ते पुसून टाकावेत. ती लोकांची अमानत असते. शिल्लक पैसे विहाराच्या वाचनालयाला द्यावेत. वेबसाइटचे नाव मात्र सोडू नये. पाच जणांनी वर्गणी काढून त्याचे भाडे भरत राहावे आणि तिथे एकच ओळ ठेवावी: पुस्तके आता अमुक ठिकाणी मिळतील.

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले आणि १९२३ साली बंद पडले. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ ते १९२९ एवढेच चालले. दोन्ही बंद झाली, पण अंक कोणीतरी ट्रंकेत, माळ्यावर, कपाटात जपले. म्हणूनच १९९० साली वसंत मून यांच्या संपादनाखाली ते ग्रंथरूपाने निघू शकले. आपल्या नाशिक जिल्ह्याचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना बाबासाहेबांनी लिहिलेली पत्रे जपली गेली, म्हणून काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या दिवसांतील बाबासाहेब आज आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतात. त्या पिढीकडे ना सर्व्हर होता ना हार्डडिस्क. होती ती फक्त जबाबदारीची जाण.

येत्या पौर्णिमेला विहारात गेलात की तुमच्या वस्तीतील मुलांना एवढेच विचारा: बाळांनो, किल्ली किती जणांकडे आहे? उत्तर ‘एकाकडेच’ असे आले, तर त्याच बैठकीत आणखी दोन नावे वहीत लिहा. वही नसेल तर ती आधी विकत आणा.

जयभीम! नमो बुद्धाय!