रविवारचे गोल्फ मैदान

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात समुद्राकाठी असलेला सेंट अँड्र्यूजचा 'ओल्ड कोर्स' म्हणजे गोल्फचे आद्यपीठ. २०२२पर्यंत 'ओपन' स्पर्धा तेथे ३० वेळा झाली. सोडतीत नाव लागल्याने आम्हांला तेथे खेळता आले. सतराव्या होलचा 'रोड बंकर' आणि स्विल्कन ओढ्यावरचा दगडी पूल यांची थोरवी अनेकांनी गायिली आहे. आम्हांला मोलाची वाटली ती तेथली एक प्रथा. मोठ्या स्पर्धा वगळता रविवारी तेथे गोल्फ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांसह, कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर फिरतात. ही जमीन कोणा क्लबची नव्हे. १५५२च्या सनदेने तिच्यावरील गावाचा हक्क मान्य झाला. १७९७मध्ये कर्जबाजारी नगरपरिषदेने ती गमावली व तेथे ससे पाळले जाऊ लागले. १८२१मध्ये जेम्स चीप यांनी विकत घेऊन ती खेळासाठी राखली. आज एक न्यास तिचा कारभार पाहतो.

रविवारही खुला केल्यास सोडतीत निराश होणाऱ्या अनेकांची सोय होईल, हे खरे. तरीही ही सुटी टिकावी, असे आमचे मत आहे. गायरानावर खेळायला आलेल्या पाहुण्याने आठवड्यातून एक दिवस ते गावाला मोकळे सोडावे, यात कसला आला तोटा?