थ्री-नॉट-थ्री जुनी झाली, सराव कुठे जुना होतो?

२६/११ चा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पोलिसांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होत्या, काय करणार बिचारे?" खरंच आहे. समोर एके-४७ असताना ही रायफल देणं हा अन्यायच होता. पण आपली चर्चा तिथेच थांबते. रायफल दिली, पण ती भरायचा-रिकामी करायचा सराव किती दिला, हे कोणी विचारत नाही.

ही ली-एनफिल्ड इंग्रजांच्या फौजेत १८९५ साली आली. पुढे आपल्या ईशापूरच्या कारखान्यात बनली, १९६२ च्या युद्धात आपले जवान हीच घेऊन चीनशी लढले. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० साली.

एनसीसीत आमचे उस्ताद सांगायचे, रायफल साधी आहे, पण हयगय सहन करत नाही. मॅगझिनमध्ये १० काडतुसं बसतात, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी वरून दाबायची. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढेच हवी. मागे राहिली तर कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट पुढे जात नाही. मग लोक म्हणतात, "बंदूक जॅम झाली". दर वेळी दोष बंदुकीचा नसतो, कधी तो भरण्यातला असतो.

रिकामी करताना तर जास्तच जपायला हवं. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून लांब. बोल्ट मागे-पुढे करत सगळी काडतुसं बाहेर काढायची. मग चेंबर आणि मॅगझिन डोळ्यांनी बघायचं, बोटानेही चाचपायचं. मॅगझिन काढलं की बंदूक रिकामी झाली, हा समज जीवघेणा आहे. चेंबरमध्ये एक काडतूस राहिलेलं असू शकतं. ट्रिगर दाबूनही बार झाला नाही, तर लगेच बोल्ट उघडायचा नाही. नळी समोरच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, जुना दारूगोळा उशिराही पेटतो.

आणखी एक. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच लागतो. साफसफाईत दोन रायफलींचे बोल्ट बदलले गेले, तर काडतूस नीट धरलं जाईल याची खात्री राहत नाही आणि इजा बार काढणाऱ्यालाच होऊ शकते.

यातल्या कशालाही कोट्यवधींचं टेंडर लागत नाही. पहारा बदलताना नळी रोखून तपासायला वाळूची पेटी, सरावाला डमी काडतुसं, आरमोररकडून वेळच्या वेळी तपासणी आणि वर्षातून ठरलेल्या दिवशी खरा गोळीबार, एवढंच. नवीन शस्त्रं यायलाच हवीत, त्यात वाद नाही. पण जिथे अजून शिपायाच्या किंवा होमगार्डच्या खांद्यावर ही जुनी रायफल आहे, तिथे ती "शोभेची" समजून सराव टाळणं म्हणजे त्याच्या आणि आपल्याही जिवाशी खेळ आहे.

तुमच्या घरचं कोणी पोलिसात किंवा होमगार्डमध्ये असेल तर विचारा, "शेवटचा सराव कधी झाला?" आणि उत्तर ऐकून गप्प बसू नका. पुढच्या वेळी आमदार-खासदार भेटले की नवीन बंदुकांबरोबर सरावाचाही हिशेब मागा.